बीजी-२ ची सरकी पुन्हा लावावी का? दोन जनुकांच्या वाटणीचा हिशेब

खरीप जवळ आला की भोकरदन तालुक्यात दोन चर्चा हमखास रंगतात. पहिली पाकिटाच्या भावाची. खरीप २०२५ साठी केंद्र सरकारने बीजी-२ कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली. दुसरी चर्चा खुल्या सरकीची. "बीजी-२ चीच सरकी आहे, दोन्ही जनुक आहेतच, पाकिटाचे पैसे कशाला घालता?" असे सांगून सुटे बियाणे विकणारा कोणीतरी भेटतोच. काही शेतकरी जिनिंगमधून आलेली किंवा घरचीच सरकी राखून ठेवण्याचा विचार करतात.

ही सरकी बीजी-२ च्या झाडावरची असेलही. पण तिच्या प्रत्येक दाण्यात दोन्ही जनुक असतात, हे मात्र खरे नाही. कारण आनुवंशिकतेच्या एका साध्या नियमात आहे: एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली जनुके पुढच्या पिढीत सोबत जातात, वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची जनुके स्वतंत्रपणे वाटली जातात. बीजी-२ मधली दोन जनुके स्वतंत्रपणे वाटली जाणारी आहेत. हा नियम समजला तर बियाण्याचा निर्णय सोपा होतो. गुलाबी बोंडअळी आपल्याला का पुरून उरली, याचाही एक धागा हाती लागतो.

गुणसूत्र म्हणजे काय, आणि वाटणी कशी होते?

झाडाचे सगळे गुण जनुकांत लिहिलेले असतात आणि ही जनुके गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात. आपण लावतो त्या अमेरिकन कपाशीत गुणसूत्रांच्या २६ जोड्या असतात, देशी कपाशीत १३. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र मादी पालकाकडून आणि एक नर पालकाकडून आलेले असते.

जोडी म्हणजे अंगणात उभ्या असलेल्या दोन ट्रॉल्या समजा. झाड परागकण किंवा बीजांड तयार करते तेव्हा प्रत्येक जोडीतली एकच ट्रॉली पुढे जाते. कोणती जाईल हे नशिबावर. आता दोन पोती पुढे पाठवायची आहेत असे धरा. दोन्ही एकाच ट्रॉलीत असतील तर ती ट्रॉली निघाली की दोन्ही पोती पोहोचतात, नाही निघाली तर दोन्ही राहतात. पण एक पोते एका जोडीच्या ट्रॉलीत आणि दुसरे दुसऱ्या जोडीच्या ट्रॉलीत असेल, तर प्रत्येकाची सोडत वेगळी. कधी दोन्ही पोहोचतील, कधी एक, कधी एकही नाही.

जनुके एकाच गुणसूत्रावर असल्यामुळे सोबत जातात, याला सहलग्नता म्हणतात. सोबत असण्यालाही मर्यादा आहे. वाटणीच्या आधी जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात आणि आपले तुकडे बदलून घेतात. एकाच गुणसूत्रावर पण लांब बसलेली जनुके अशा अदलाबदलीत वेगळी होऊ शकतात, अगदी शेजारी बसलेली क्वचितच होतात. अमेरिकेतील थॉमस मॉर्गन यांनी १९१० नंतर फळमाशीवर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. त्यांचे विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये, जनुके किती वेळा वेगळी होतात यावरून त्यांच्यातले अंतर मोजून गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. आजची बियाणे पैदास याच नकाशांच्या आधारे चालते.

बीजी-२ मध्ये दोन जनुके वेगवेगळी कशी आली?

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ हे पहिले तीन संकरित वाण महिकोचे, म्हणजे आपल्याच जालन्यातल्या कंपनीचे होते. त्यांत क्राय १ एसी हे एकच जनुक होते. २००६ मध्ये बीजी-२ आले. त्यात क्राय १ एसीच्या जोडीला क्राय २ एबी हे दुसरे जनुक होते. अळीने एका विषाला दाद दिली नाही तरी दुसरे तिला मारेल, हा त्यामागचा हिशेब.

ही दोन जनुके झाडात एकाच वेळी, एकाच ठिकाणी घातलेली नाहीत. क्राय १ एसी आधीच असलेल्या कपाशीत क्राय २ एबी नंतर स्वतंत्रपणे घातले गेले आणि ते दुसऱ्या जागी बसले. त्यामुळे पुढच्या पिढीत दोघांची सोडत वेगळी निघते.

भारतात यात आणखी एक गोष्ट मिसळते. आपल्याकडे बीटी कपाशी मुख्यतः संकरित वाणांतून आली. संकर करताना साधारणपणे एकाच पालकात बीटी जनुके असतात, दुसऱ्यात नसतात. म्हणजे पाकिटातल्या दाण्यात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, जोडीतली दुसरी ट्रॉली रिकामी. बाजारातून आणलेल्या पाकिटातल्या बीटी दाण्यापासून उगवलेल्या झाडात दोन्ही जनुके असतात, त्यात फसवणूक नाही. वाटणी सुरू होते त्या झाडाच्या बोंडात.

एका बोंडात चार तऱ्हेची सरकी

कपाशीत बहुतांश फुलांत स्वपरागीभवन होते. दोन्ही जनुकांची एकेकच प्रत असलेल्या झाडाच्या बोंडात सरकीची वाटणी सरासरी अशी पडते. समजा, बोंडात ३२ दाणे आहेत:

- दोन्ही जनुके असलेले दाणे : १८
- फक्त क्राय १ एसी असलेले : ६
- फक्त क्राय २ एबी असलेले : ६
- एकही बीटी जनुक नसलेले : २

हे ९:३:३:१ प्रमाण आहे. प्रत्येक बोंडात आकडा नेमका इतकाच येईल असे नाही, पण शेतभर मोजले तर सरासरी याच्या जवळ जाते. आता हीच दोन जनुके एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी बसलेली असती तर? तर २४ दाण्यांत दोन्ही असती आणि ८ दाण्यांत एकही नसते. एकच जनुक असलेला दाणा जवळजवळ सापडलाच नसता.

बोंडाची भिंत, कापसाचा धागा आणि सरकीचे वरचे टरफल हा मूळ झाडाचाच भाग असतो. टरफलाच्या आतला गर मात्र पुढच्या पिढीचा असतो. म्हणून वेचलेला कापूस एकसारखा दिसतो आणि आतली सरकी चार तऱ्हेची असते. डोळ्यांनी हा फरक कळणार नाही.

गुलाबी बोंडअळीचा याच्याशी संबंध काय?

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. एक दाणा संपवून ती दुसऱ्यावर जाते, कधी दोन दाणे जोडून त्यांच्यात राहते. म्हणजे तिच्या ताटात चारही तऱ्हेचे दाणे असतात. दोन्ही विषे एकदम मिळाली तर दोन्हींना तोंड देऊ शकणारी अळीच जगते, आणि अशी अळी सुरुवातीला अत्यंत विरळ असते. पण एकच विष असलेला दाणा मिळाला तर त्या एका विषाला सरावलेली अळी जगते, पतंग होते, तिची पिढी वाढते. पायरी एकदम उंच असण्याऐवजी दोन छोट्या पायऱ्या तयार होतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी बोंडातल्या या मिश्र सरकीकडे लक्ष वेधले आहे.

घटनाक्रम तुम्हाला माहीत आहे. गुलाबी बोंडअळी क्राय १ एसीला दाद देत नसल्याचे २००९ च्या हंगामात गुजरातमध्ये आढळले आणि २०१० मध्ये ते जाहीर झाले. २०१४ च्या सुमारास तिथेच बीजी-२ वरही अळी जगू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्यात तिने हाहाकार माजवला. आज बीजी-२ हिरव्या बोंडअळीवर बऱ्यापैकी काम करते, गुलाबी बोंडअळीवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

एवढ्यावर सगळा दोष मिश्र सरकीवर टाकणे मात्र बरोबर नाही. पाकिटासोबत येणारी १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी बहुतेकांनी लावलीच नाही. दीर्घ कालावधीचे वाण आणि फरदड यांमुळे अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत खायला मिळत राहिले. मिश्र सरकीच्या बाजूनेही एक पुरावा आहे. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी बीटी संकराची दुसरी पिढी मोठ्या क्षेत्रावर लावली. त्यात साधारण एक चतुर्थांश झाडे बिगर-बीटी निघत, आणि तेवढ्या झाडांवर साध्या अळ्या टिकून राहिल्याने गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती उलट कमी झाली. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग आपणही दुसरी पिढी लावावी का? नाही. चीनमध्ये एकाच जनुकाची कपाशी होती आणि तिथली बहुतेक अळी अजून त्या विषाला बळी पडत होती. आपल्याकडची अळी दोन्ही विषांना सरावलेली आहे. तिच्यासाठी साध्या अळ्यांचा साठा राखण्याची वेळ निघून गेली आहे, आणि आपल्या शेतात तो प्रयोग तुमच्या खर्चाने होणार.

अमेरिकेचे उदाहरणही पाहा. तिथे बीटी कपाशी सरळ वाणांत आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती झाडात असतात आणि बोंडातला प्रत्येक दाणा बीटी असतो. त्याच्या जोडीला त्यांनी कामगंध, वंध्य पतंग सोडणे आणि काटेकोर पीक नियोजन केले. २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. एकट्या जनुकाने हे झाले नाही, पण जनुकाची वाटणी त्यांच्या बाजूने होती.

खुल्या सरकीत तुमचे नेमके काय जाते?

समजा, तुम्ही बीजी-२ ची घरची सरकी लावली. १०० झाडांपैकी सरासरी ५६ झाडांत दोन्ही जनुके, १९ मध्ये एक, १९ मध्ये दुसरे आणि ६ मध्ये एकही नाही. हिरव्या बोंडअळीपासूनचे संरक्षणही शेतभर सारखे राहत नाही.

पण मोठे नुकसान वेगळेच आहे. संकरित वाणाची ताकद दोन पालकांच्या ठरावीक मिश्रणात असते. दुसऱ्या पिढीत २६ जोड्यांची वाटणी होते. नुसत्या ट्रॉल्यांच्या निवडीतूनच ६ कोटी ७१ लाखांहून अधिक प्रकारचे परागकण तयार होऊ शकतात, तुकड्यांची अदलाबदल वेगळीच. म्हणून दुसऱ्या पिढीच्या शेतात एक झाड उंच, एक बुटके, एकाला पाते लवकर, दुसऱ्याला उशिरा, धाग्याची लांबी वेगवेगळी. वेचण्या लांबतात, फवारणीची वेळ साधत नाही आणि व्यापारी प्रत पाहून भाव पाडतो. ९०१ रुपये वाचवून एकरभर पिकाचा जुगार खेळणे परवडणारे नाही.

तणनाशक सहन करणाऱ्या अनधिकृत कपाशीत, म्हणजे लोक जिला 'चोर बीटी' म्हणतात तिच्यात, हा धोका दुप्पट आहे. या कपाशीला भारतात व्यावसायिक लागवडीची परवानगी नाही. तिचे बिल मिळत नाही, उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? त्यातही विक्रेत्याने दुसऱ्या पिढीची सरकी दिली असेल, तर तणनाशक सहन करणारे जनुक सरासरी प्रत्येक चार झाडांपैकी एका झाडात नसणार. ग्लायफोसेट फवारले की तुमच्याच कपाशीचा चौथा हिस्सा तणाबरोबर जळेल. तिन्ही जनुके स्वतंत्रपणे वाटली गेली तर तिन्ही एकत्र असलेली झाडे १०० पैकी जेमतेम ४२ राहतात.

काही विक्रेते पट्टी चाचणी करून दाखवतात. मूठभर सरकी कुटून त्या पाण्यात पट्टी बुडवली की रेघ उमटते. त्या मुठीतले काही दाणे बीटी असले तरी रेघ येते. प्रत्येक दाण्यात जनुक आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

सोबत जाणाऱ्या जनुकांचा फायदाही आहे

सहलग्नता कधी पैदासकाराच्या मदतीला येते, कधी आडवी येते. आपल्या रब्बी हरभऱ्याचे उदाहरण घ्या. आयसीसी ४९५८ या वाणात खोल मुळे आणि पाण्याचा ताण सहन करण्याशी संबंधित अनेक जनुके चौथ्या गुणसूत्राच्या एका छोट्या तुकड्यावर एकवटलेली आहेत. इक्रिसॅट आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या तुकड्याच्या खुणा धरून तो पुसा ३७२ या वाणात आणला आणि त्यातून पुसा चना १०२१६ तयार झाला. जनुके शेजारी होती म्हणून एकेक गुण वेगळा शोधत बसावे लागले नाही.

कपाशीत उलटा अनुभव आहे. जास्त उत्पादन आणि मजबूत धागा हे दोन गुण एका वाणात आणताना पैदासकारांना फार झगडावे लागले. त्याचे एक कारण हेच की धाग्याची ताकद देणाऱ्या जनुकांच्या शेजारी उत्पादन घटवणारी जनुके बसलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या संकर करून ती गाठ सोडवावी लागली. नवा वाण यायला दहा-बारा वर्षे का लागतात, याचे उत्तर यात आहे.

धोरणात काय मागायला हवे?

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. नव्या तंत्रज्ञानाची चर्चा आता पुन्हा सुरू होईल. शेतकरी गट, उत्पादक कंपन्या आणि ग्रामसभांतून तुम्ही तीन प्रश्न विचारायला हवेत.

एक, नव्या वाणातली जनुके एकाच जागी जोडून बसवली आहेत की वेगवेगळ्या ठिकाणी? दोन, संकरित वाण असेल तर जनुके एकाच पालकात आहेत की दोन्ही? दोन्ही पालकांत असतील तर बोंडातला प्रत्येक दाणा संरक्षित राहतो. त्यासाठी कंपनीला दोन्ही पालक वाण तयार करावे लागतात, खर्च आणि वेळ वाढतो, पण ही मागणी अशक्य नाही. तीन, सरळ वाणांचे बियाणे पुरेसे का मिळत नाही? आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एनएच १९०१ बीटी, एनएच १९०२ बीटी आणि एनएच १९०४ बीटी हे सरळ वाण दिले आहेत. सरळ वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती असल्याने पुढच्या पिढीत ते हरवत नाही आणि शुद्धता राखली तर बियाणे घरी ठेवता येते. संशोधन चांगले, पण बियाणे गावापर्यंत पोहोचले तरच उपयोग.

सरळ बीटी वाण घेताना पाकिटावर कोणते जनुक आहे ते वाचा. क्राय १ एसी हे एकच जनुक असेल तर गुलाबी बोंडअळीसाठी वेगळी काळजी घ्यावीच लागेल.

यंदाच्या हंगामासाठी सल्ला

१. संकरित कपाशीची घरची, जिनिंगमधली किंवा खुली सरकी लावू नका. परवानाधारक विक्रेत्याकडूनच पाकीट घ्या. पक्के बिल, रिकामे पाकीट, टॅग आणि थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

२. ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी आणि २५ ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिसळलेले असते. एखाद्या झाडावर अळी जास्त दिसली म्हणून लगेच बियाणे बोगस ठरवू नका. शेतभर तसे असेल तर मात्र कृषी विभागाकडे लेखी तक्रार करा.

३. कमी ते मध्यम कालावधीचे वाण निवडा. मेमध्ये घाईने लागवड करू नका. पुरेसा पाऊस झाल्यावर जूनमध्ये लावा.

४. पाते लागल्यापासून एकरी किमान २ कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग ३ रात्री ८ पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजा.

५. फुलोऱ्यात डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा. दर आठवड्याला शेतातून २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहा. २ बोंडांत अळी आढळली तर उपाय सुरू करा. कीटकनाशक निवडताना तालुका कृषी अधिकारी किंवा खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.

६. डिसेंबरअखेर पीक संपवा. फरदड घेऊ नका. पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका, यंत्राने बारीक करून कुजवा. जिनिंगच्या आवारातही सापळे लावण्याचा आग्रह धरा.

यातला सहावा मुद्दा एकट्याने पाळून भागत नाही. बोंडअळीचा पतंग बांध ओळखत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी मिळून डिसेंबरनंतर कपाशी उभी न ठेवण्याचा ठराव केला, तर पाकिटात कोणतेही जनुक असले तरी अळीची साखळी तुटते. पेरणीआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या.